औषध नव्हे, मुळी

तिच्या आवाजाला गेलेला तडा आधी मला ऐकू आला, मग तिला. दुपारची बांग होऊन गेली होती. मी ओट्याशी भेंडी चिरत होते आणि आमच्या इमारतीच्या पोटात जो उभा डक्ट आहे, सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या ज्यात उघडतात, त्यातून तिचा रियाज खाली येत होता. रोज यायचा. वरचा एक सूर लावताना मध्येच नुसती हवा आली. क्षणभरच. मग सूर लागला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा हवा. तिसऱ्या दिवशी तिने तो सूर घेतलाच नाही, बाजूने निघून गेली. गाणारं माणूस सूर टाळायला लागलं की समजावं, त्याला कळलंय.

मला हे कळतं, कारण मी गाणं शिकवते. म्हणजे सौदीतल्या अल-खोबरमधल्या भारतीय इंजिनियरांच्या मुलांना पेटीवर सरगम घोटायला लावते. नाशिकला विशारद झाले, लग्न झालं, इथे आले, आणि माझं गाणं दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मावेल एवढंच उरलं. ज्या मुलांना मी शिकवते ती आईबापांच्या हौसेखातर येतात आणि घड्याळाकडे बघत गातात. तेव्हा वरच्या मजल्यावर खरी गायिका राहायला आली आहे हे डक्टमधून कळल्यावर मला किती आनंद झाला असेल, हे सांगायला नको. नंतर जे झालं त्याचं मूळ त्या आनंदात आहे, असं मला आता वाटतं.

ती लाटव्हियाची. पन्नाशी ओलांडलेली, उंच, केस अगदी बारीक कापलेले. समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलात आठवड्यातले पाच दिवस संध्याकाळी गायची. पूर्वी या गावात बाईने चारचौघांत गाणं म्हणजे अशक्य गोष्ट. आता मुलीसुद्धा टेबल राखून ठेवून ऐकायला जातात. ती म्हणायची, इथे गायला तिला बरं वाटतं, कारण ऐकणारे शुद्धीवर असतात.

पहिल्यांदा बोललो ते लिफ्टमध्ये. मी भाजीची पिशवी घेऊन, ती पाण्याची बाटली घेऊन. न राहवून मी तिला म्हणाले, "युअर व्हॉइस इज सिटिंग." माझं इंग्रजी असंच आहे, मराठीवर बेतलेलं. माझी मुलगी सोबत होती, तिने डोळे मिटून घेतले.

गायिका हसली नाही. तिने विचारलं, "कुठे बसलाय?"

मी समजावलं की आमच्या भाषेत आवाज बसतो. घसा धरला, श्रम झाले, की बसतो. तिने दोन मजले विचार केला आणि म्हणाली, "बसलेलं माणूस उठतं. मग हाही उठेल?"

"उठेल," मी म्हणाले. "मी उठवते."

इतक्या सहज बोलून गेले. नवरा मला उंटावरची शहाणी म्हणतो. इथे राहायला आल्यापासून तर वरचेवर म्हणतो, कारण इथे उंटही आहेत.

त्यानंतर ती रियाज संपला की खाली चहाला यायला लागली. नवरा आठवडाभर रास अल खैरला असतो, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर. रविवारी पहाटे जातो आणि गुरुवारी येतो. मुलगी शाळेतून आली की कानात ते इअरफोन घालून खोलीत. घरात मी आणि पेटी. त्यामुळे तिचं सगळं आयुष्य मी स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून ऐकलं. ती बंदराच्या गावची. बाप बंदरावरच्या क्रेन दुरुस्त करायचा आणि घरी रेडिओला कान लावून परदेशी स्टेशनवरचं जॅझ ऐकायचा, शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही इतकं बारीक. त्यामुळे तिने जॅझ आधी कुजबुजीत ऐकलं, म्हणून आपण असं दबकं गातो, असं ती म्हणायची. त्यांच्याकडे हजारो माणसं एकत्र उभी राहून गातात म्हणे. तिलाही लहानपणी वृंदगायनात घातलं, तर तिथल्या बाईंनी तिला शेवटच्या रांगेत उभं केलं. का, तर तुझा आवाज सगळ्यांतून बाहेर येतो, झाक त्याला.

विशीत तिने एक पॉप गाणं गायलं आणि एक अख्खा उन्हाळा तिचा देश तेच गात होता. मग नवीन मुली आल्या. मग ती जहाजांवर गायला लागली, संध्याकाळी एका देशातून निघून सकाळी दुसऱ्या देशात पोचणाऱ्या जहाजांवर, अनेक वर्षं. जमीन हलत असताना सूर सरळ ठेवायला तिथे शिकले, म्हणाली. मग बहारीन, मग पूल ओलांडून इथे.

"घरी का जात नाहीस?" मी विचारलं होतं.

"तिथे सगळे म्हणतात, ते गाणं म्हण. मी ते म्हणते. मग ते एकमेकांकडे बघतात. पूर्वीचा आवाज त्यांना माहीत आहे." तिने कप फिरवला. "इथे कुणालाच माहीत नाही. इथे माझा आजचा आवाज हाच माझा आवाज आहे."

आणि तो आजचा आवाजच जात होता. हॉटेलशी तिचा करार तीन महिन्यांनी संपत होता. मॅनेजर एका संध्याकाळी बसून ऐकणार आणि ठरवणार होता. हॉटेलच तिचं कफील, म्हणजे इथला जामीनदार. करार नाही तर इकामा, म्हणजे राहायचा परवाना नाही, आणि इकामा नाही तर फायनल एक्झिट. आमच्यापैकी प्रत्येकाच्या पोटात या दोन शब्दांची भीती असते. तिच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच नव्हता की देश सोडावा लागेल. त्या गावात परत, त्या गाण्याकडे परत, आणि या आवाजानिशी.

मी पदर खोचला. मिठाच्या गुळण्या, कोमट पाणी, दिवसातून दोन तास मौन, बर्फ बंद. आणि ज्येष्ठमध. आमच्या गुरुजींच्या खिशात ज्येष्ठमधाच्या कांड्या असायच्या. गाणाऱ्याच्या घरात तंबोरा नसला तरी चालेल, ज्येष्ठमध हवा, असं ते म्हणत. माझ्याकडे दोनच कांड्या उरल्या होत्या, म्हणून मी खालच्या गल्लीतल्या रत्नागिरीच्या चाचांच्या दुकानात गेले. मसाला, कोकम, सुके बोंबील, सगळं त्यांच्याकडे मिळतं.

"सूस म्हणतात ह्याला हितं," त्यांनी कागदावर मुळ्या मोजून ठेवल्या. "रमजानात सरबत करून पितात. भाभी, घरात कोणाला प्रेशर नाय ना? प्रेशरवाल्याला सूस चालत नाय हां. हितले म्हातारे हातपण लावत नाय."

"नाही, नाही," मी म्हणाले. आणि ते खरं होतं. आमच्या घरात कुणालाच नव्हतं.

मी तिला पितळी डब्यात कांड्या भरून दिल्या. तिने वास घेतला आणि आजीच्या घरातलं काहीतरी आठवल्यासारखा चेहरा केला. "हे औषध आहे? मी हॉटेलच्या डॉक्टरला सांगायला हवं."

"औषध नव्हे, मुळी आहे," मी म्हणाले. "घरचं आहे. याने अपाय होत नाही. सांगायचं काय त्यात?"

ते वाक्य तिला फार आवडलं. तिने ते माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं, औषध नव्हे, मुळी, आणि तिच्या त्या दबक्या आवाजात ते मंत्रासारखं वाटलं. त्या दिवसापासून ती मला डॉक्टर म्हणायला लागली. मला ते आवडत होतं. खोटं कशाला बोलू?

दोन आठवड्यांत आवाज उठला. मी भेंडी, गवार, जे हातात असेल ते खाली ठेवून डक्टच्या खिडकीशी जाऊन उभी राहायची. तो वरचा सूर आता ती टाळत नव्हती. आज मला वाटतं, मौनाने आणि गुळण्यांनीच तो उठला असणार. पण तेव्हा मी सगळं श्रेय त्या मुळीला दिलं, म्हणजे स्वतःला दिलं. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच. तिला म्हणाले, चघळत राहा, जितकं चघळशील तितकं बरं. ती शिस्तीची बाई. दिवसाला एक कांडी होती ती तीन झाली. शिवाय दुपारी ती चार कांड्या ठेचून पाण्यात उकळायची आणि ते पाणी प्यायची. डक्टमधून आता रियाजाबरोबर तो गोडसर वासही खाली यायला लागला.

मग एके दिवशी मी इडल्या द्यायला वर गेले. तिच्या केटलच्या शेजारी गोळ्यांची पट्टी पडली होती. मी सहज विचारलं. "प्रेशरची," ती म्हणाली. "थोडंसं आहे. दहा वर्षं झाली."

मला चाचा आठवले. कागदावर मुळ्या मोजणारा त्यांचा हातसुद्धा आठवला. मी तिथे इडलीचं भांडं धरून उभी होते आणि मला सगळं लख्ख कळलं होतं, हे मी इथे स्पष्ट लिहिते, कारण पुढे मी बराच काळ स्वतःला सांगत राहिले की मला तेव्हा कळलं नव्हतं. कळलं होतं. पण मॅनेजर ऐकायला येणार होता त्याला तीन आठवडे उरले होते, आवाज छान लागत होता, आणि चिमूटभर मुळीने काय होतंय, असं मी मनात म्हटलं. दुकानदाराच्या बोलण्यावर गुरुजींची विद्या कशी सोडायची? मी भांडं ठेवलं आणि खाली आले.

त्यानंतर मी बघायचं नाही असं ठरवलं तरी दिसत राहिलं. तिच्या घोट्यांवर सूज यायला लागली. ती म्हणाली, उंच टाचांचे बूट. पायात गोळे येत होते, म्हणाली, वय. डोकं दुखायचं, मग ती अ‍ॅस्पिरिन घ्यायची, आधी एखादी, नंतर रोज. माझी मुलगी एकदा तिच्या पायांकडे बघून मला आत येऊन म्हणाली, "आई, दॅट इज नॉट नॉर्मल. यू आर नॉट अ डॉक्टर." मी तिला अभ्यासाला बस म्हणून सांगितलं.

मॅनेजर ऐकणार होता त्या गुरुवारी तिने आम्हा तिघांना हॉटेलात बोलावलं होतं. नवरा त्या दिवशी लवकर आला होता. काचेपलीकडे समुद्राकाठच्या रस्त्याचे, कॉर्निशचे, दिवे लागत होते. ती निळ्या झग्यात उभी होती, आणि मी तिच्या बुटांकडे बघितलं तर ते सपाट होते. उंच टाचांचे पायात शिरले नसणार. तिसरं गाणं संथ होतं. तिने तो वरचा सूर घेतला, तो आला, भरून आला, आणि मला वाटलं, जिंकली. मग तो थांबला. चिरकला नाही, फाटला नाही. दार लागावं तसा बंद झाला. तिचं तोंड उघडं होतं आणि पियानो पुढे चालला होता. तिने गळ्याला हात लावला आणि सगळ्या टेबलांवरून नजर फिरवत मला शोधलं. मी मान खाली घातली.

दवाखान्यात मी तिच्याबरोबर गेले. तिला बोलायला बंदी, म्हणून वही-पेन. इजिप्तचे एक वयस्क डॉक्टर होते. त्यांनी नाकातून नळी घालून पडद्यावर तिचे स्वरतंतू दाखवले. एक पांढरा, एक लालभडक. बारीक रक्तवाहिनी फुटली होती. प्रेशर भरमसाट वाढलेलं, त्यात अ‍ॅस्पिरिनने रक्त पातळ. रक्तात पोटॅशियम खाली गेलेलं, ते त्यांना पटेना. त्यांनी रिपोर्ट पुन्हा पाहिला.

"प्रेशरच्या आणि डोकेदुखीच्या गोळीशिवाय काही घेता? झाडपाला? सूस?"

तो शब्द त्यांनी अरबीतच उच्चारला, इथे सगळे तसाच उच्चारतात. तिला तो माहीत नव्हता. खोलीत तो शब्द माहीत असणारी दोन माणसं होती, ते आणि मी. तिने माझ्याकडे पाहिलं, भुवया वर करून, हे काय म्हणतायत? समोर भिंतीवर कानाच्या आतल्या भागाचं रंगीत चित्र होतं. मी ते चित्र बघत राहिले.

तिने मान हलवली आणि वहीत लिहिलं, औषध काही नाही.

परत येताना गाडीत तिने वही माझ्या मांडीवर ठेवली. लिहिलं होतं, तू होतीस म्हणून मला भीती वाटली नाही.

पुढचे तीन दिवस डक्टमधून रियाज आला नाही. वास मात्र येत होता. दुपारची बांग झाली की अर्ध्या तासात तो गोड वास खिडकीतून आत यायचा. म्हणजे ती आवाज उठवायला बसली होती, माझ्यावर विश्वास ठेवून. मी खिडकी लावून घेतली. तरीही वास यायचा, किंवा मला तसं वाटायचं. तीन दिवस मी हे होऊ दिलं. या तीन दिवसांबद्दल मला स्वतःची जितकी शरम वाटते तितकी आणखी कशाबद्दल वाटत नाही.

चौथ्या दिवशी मी वर गेले. सांगायचं असं घोकत जिना चढले. तिने दार उघडलं, हसली, डोळ्यांखाली सूज होती. आणि माझ्या तोंडून निघालं, "कोर्स पूर्ण झाला. आता खलास." मी पितळी डबा उचलला, पातेल्यातलं पाणीसुद्धा ओतून टाकलं आणि खाली आले. तिने वहीत थँक यू लिहून मला दाखवलं होतं.

गुरुवारी नवरा आला, त्याला मी सांगितलं. त्याने जेवण थांबवलं नाही, पण घास लहान झाले. मग म्हणाला, "आमच्याकडे प्लांटवर चूक झाली की आधी लॉगमध्ये लिहायची, मग दुरुस्त करायची. नुसती दुरुस्त केली तर पुढच्या पाळीचा माणूस तीच करतो."

"डबा आणलाय ना मी," मी म्हणाले. "आता सांगून तिचा आवाज येणार आहे का?"

ताट घेऊन तो उठला.

महिन्याभरात प्रेशर उतरलं, सूज गेली. आवाज अर्धा आला. खालचे सूर आले, वरचे गेलेच. हॉटेलने कुणा तरुण मुलीला ठेवलं आणि हिच्या पासपोर्टवर फायनल एक्झिटचा शिक्का बसला. निघायच्या आदल्या दिवशी ती खाली आली. खरखरीत आवाजात म्हणाली, "डॉक्टर, त्या मुळीचं नाव लिहून दे. घरी गेल्यावर पुन्हा सुरू करते. त्याने एकदा आवाज उठला होता."

माझी मुलगी दाराशी उभी होती. सांगायला यापेक्षा चांगली वेळ मिळणार नव्हती. मी कागद घेतला, बोरू नव्हता म्हणून स्केचपेनने, वळणदार देवनागरीत लिहिलं, ज्येष्ठमध. इंग्रजी नाव मला येत होतं. मी हिशेब केला होता की तिच्या देशात हे कोण वाचणार? तिला मुळी मिळणार नाही, आणि मला बोलावं लागणार नाही. असली युक्ती दोन लिपींत जगणाऱ्यालाच सुचते. तिला वाटलं मी तिला भेट म्हणून सुंदर अक्षर काढून दिलं. तिने तो कागद छातीशी धरला.

चार महिन्यांनी, मी शिकवणीला बसले असताना तिचा मेसेज आला. फोटो होता. लाकडी टेबल, खिडकीबाहेर बर्फ, आणि काचेच्या बरणीत मुळ्या. खाली लिहिलं होतं, इथे भारतातून शिकायला आलेला एक मुलगा भेटला. त्याने तुझं अक्षर वाचलं. रोज घेते आहे. बसलाय तर उठेल.

मी मुलांना घरी पाठवलं. फोन लावला. या वेळी मी भिंतीकडे बघितलं नाही.

"ती मुळी घेऊ नकोस," मी म्हणाले. "प्रेशर तिनेच वाढलं. तिनेच तुझा आवाज गेला. फेकून दे."

पलीकडे पाणी उकळत असल्याचा आवाज येत होता.

"तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

"इडल्या आणल्या त्या दिवशी. गोळ्या बघितल्या तेव्हा."

तिने चमचा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "डॉक्टरने विचारलं होतं. तो शब्द. मी तुझ्याकडे बघितलं."

"हो."

"तुला तो शब्द येत होता."

"येत होता," मी म्हणाले.

गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग पातेलं उचलल्याचा, आणि मोरीत पाणी ओतल्याचा, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. तेवढं ओतून झाल्यावर तिने फोन ठेवला.